रोझरीत गप्प बसणारी आत्या

मंडळी, आज संध्याकाळी माझगावला आत्याकडे गेलो, तर चाळीच्या क्रुसासमोर कॅथलिक शेजाऱ्यांची रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, चालू होती. आम्ही प्रोटेस्टंट, मरियामातेला प्रार्थना करत नाही. तरी माझी त्र्याऐंशी वर्षांची आत्या पहिल्या खुर्चीवर!

गंमत म्हणजे, सगळे 'नमो मरिये' म्हणतात तेव्हा ही ओठ मिटून बसते. दहाच्या दहा वेळा. मग येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आली की हिचा आवाज सगळ्यांच्या वर.

घरी आल्यावर विचारलं, "पटत नाही तर जातेस कशाला गं?"

"संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी कर्फ्यू लागला, तेव्हा तुझे पप्पा मोर्च्यातून परतलेच नव्हते. आपलं चर्च लांब, जाणार कसं? शेजारच्या फिलूमावशीने ह्याच क्रुसासमोर मेणबत्ती लावून दादासाठी रोझरी धरली. मी बाजूला बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दादा आला."

"म्हणजे मरियामातेने ऐकलं?"

"ते मला नाही ठाऊक. पण मावशी माझ्या भावासाठी मागत होती, तेव्हा मी एकदाही 'नको' म्हटलं नाही रे."

तुम्ही 'नको' म्हटलं असतंत?