दुसऱ्याचा पट्टा

मुलीच्या ऑस्ट्रेलियातल्या घरासमोरचे आजोबा पूर्वी मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवायचे. लांबच्या शर्यतीत एकच गाडी दोघं आलटून पालटून चालवतात. उतरणाऱ्याने बसणाऱ्याचा सीटचा पट्टा आवळून द्यायचा, ही तिथली रीत. आजोबांनी एकदा असा पट्टा आवळून दिला आणि जोडीदार परत आला नाही. त्यांची कारकीर्द तिथेच संपली. पट्ट्यात दोष नव्हता, हे सगळ्यांनी सांगितलं. त्यांच्या हातांना ते पटलं नाही.

आज ते वृद्धाश्रमात राहायला निघाले. निरोप पटकन उरकेल, असं मी धरलं होतं. पण गाडीत बसल्यावर त्यांना पट्टा लागेना. त्यांचा मुलगा वाकला.

“द्या बाबा, मी लावतो. दोन गल्ल्या तर जायचंय!”

“तू हात लावू नकोस. मला काही झालं, तर नंतर तुला त्रास होतो रे.”

गाडी सुरूच होती. ते खटका चाचपत राहिले. आटपा, असं मलाही म्हणवेना.