चंदीचे चार सड आणि अक्कांचा कोरा चहा

दुधाची वाट बघत चार बायका रोज सकाळी ओट्यावर बसल्या, की किस्से काही कुठून आणावे लागत नाहीत, आपोआप साचतात. साठ-पासष्ट सालच्या सुमाराला जळगावच्या आमच्या गल्लीत दगाभाऊ गवळी म्हैस घेऊन दारात यायचा आणि डोळ्यांदेखत दूध काढून द्यायचा. तो पाणी घालतो की काय, यावर आमचं एवढं बारीक लक्ष की बाकी काही दिसायचंच नाही!

एकदा दगाभाऊनं नेहमीसारखं काखेतलं रेडकू चंदी म्हशीपुढे ठेवलं. ती चाटायला लागली आणि शिवण उसवून भसकन भुसा बाहेर! मेलेल्या रेडकाचं कातडं होतं ते. ते पुढे ठेवलं की बिचारीला पान्हा सुटायचा. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं. रोजचंच झालेलं.

शेजारच्या अक्कांनी मात्र विचारलं, "कशानं मेलं रे हे?"

"नर व्हतं, अक्का. त्याले पाजीसन काय करू?" दगाभाऊ अगदी सरळ बोलला. त्यात त्याला काही वावगं वाटतच नव्हतं.

अक्कांनी पातेलं ओट्यावर पालथं घातलं. "पुढच्या वेताला नर होवो की मादी, दोन सड त्याचे, दोन आमचे. तोवर तुझं दूध बंद."

अक्का म्हणजे गल्लीचं हायकोर्ट! पाठोपाठ सगळ्यांची पातेली पालथी.

*

दूध बंद म्हणजे चहा कोरा. आमच्या ह्यांनी तीन दिवस तो कसाबसा घशाखाली ढकलला. चौथ्या दिवशी म्हणाले, "हा काढा किती दिवस घ्यायचा? मला ताप नाही."

खोटं कशाला बोलू? मीही तेव्हा नवी नवरी. पदराखाली तांब्या लपवून मागच्या बोळातून दगाभाऊच्या गोठ्यावर गेले. दारात समोरून सुगनबाई शेठाणी येत होत्या. जैनाचं घर, मुंगीलासुद्धा जपणारं. त्यांच्याही पदराखाली गोल गोल काहीतरी!

"मी आपली चंदीची तब्येत विचारायला आले होते," शेठाणी म्हणाल्या.

"मी पण!" मी म्हटलं.

दोघी तश्शाच परत फिरलो. त्यांचा तांब्या भरलेला होता, माझा रिकामा. तेवढाच काय तो फरक.

*

चंदी पुन्हा व्यायली, आणि नेमका नर! दगाभाऊचं तोंड एवढंसं झालं. पण शब्दाला जागला. "दोन सड त्याना, दोन तुमना," म्हणाला.

आता कुठले दोन त्याचे, यात घोटाळा नको म्हणून शेठाणीबाईंनी चंदीच्या, रेडकाच्या वाट्याच्या दोन सडांना ओलं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी रेडकाचं तोंड लालभडक! गल्लीत एकच बोंब, रेडकाच्या तोंडातून रक्त येतंय! कुणीतरी ढोरांच्या डॉक्टरला सायकलवरून पळवत आणलं. डॉक्टरांनी बोट फिरवलं, वास घेतला आणि आमच्या कपाळांकडे पाहिलं.

"नोकरीत बरेच रेडे पाहिले," ते म्हणाले, "पण सवाष्ण रेडा पहिल्यांदाच बघतोय!"

आम्ही पोट धरून हसलो. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. त्या रेडकाची पाठ खाजवत बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

*

मग आलं अक्कांच्या कुसुमचं लग्न. व्याही शिंदखेड्याचे, सगळे त्यांना आबा म्हणत. रुसण्यात पटाईत माणूस! थोरल्या मुलाच्या लग्नात वरण खारट लागलं म्हणून पंगतीतून उठलेले. कुसुमला जायचं होतं त्याच घरात.

सकाळी वऱ्हाड उतरलं, चहाचं आधण उकळायला लागलं, आणि लग्नासाठी सांगून ठेवलेला दुसरा गवळी आलाच नाही! चंदीच्या दोन सडांचं दूध नवरदेव आणि पोरांबाळांतच संपलं. दगाभाऊ अंगणात चंदीजवळ चरवी घेऊन तसाच बसून राहिला. रेडकू दाव्याला हिसके देत ओरडत होतं.

"आज काय करू, अक्का? बठ्ठं काढू का, चारी सडांचं?"

अक्कांचे यजमान, नाना, कासावीस झाले. "काढ रे! एका दिवसानं काही मरत नाही ते. इथं पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे!"

दाराआडून कुसुम रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, ते रुसतील गं."

मी अक्कांच्या अगदी शेजारीच उभी होते. एकदा त्यांनी पोरीकडे पाहिलं, एकदा रेडकाकडे.

"सोड त्याला," त्या म्हणाल्या.

आणि कोऱ्या चहाचा ट्रे घेऊन त्या स्वतः मांडवात गेल्या. आबांनी कपात पाहिलं. "दूध?"

"आहे, आबा. पण ते त्याच्या वाट्याचं आहे." अक्कांनी अंगणाकडे बोट दाखवलं.

आबांनी कप खाली ठेवला आणि ते उठले. नानांनी तर डोळेच मिटून घेतले.

आबा अंगणात गेले. रेडकू शेपटी उडवत ढुशा मारत पीत होतं. आबा पागोटं सावरत बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग परत आले, बसले, बशीत ओतून सगळा चहा प्यायले आणि रिकामा कप पुढे केला.

"इहीनबाई, आखो अर्धा कप टाका. कोराच!"