तहानलेली नाव

आमची जुनी नाव कुजली आणि सुरतेहून आमच्या पोऱ्याचा फोन आला, "आते पुरे. दोन्हीजण आठे सुरतले या." त्याची काळजी खरीच होती, पण तापीमाईचा हा काठ सोडून तिसऱ्या मजल्यावर राहायला मी तयार नव्हते. आमच्या ह्यांनी त्याला सांगून टाकलं, "नवी नाव मी घरीच करसू. ती तरनी नही, ते येसूत." नाव तरली नाही तर सुरतेला जायचं, असा शब्द देऊन बसले खरे, पण जन्मभर जाळं टाकलेल्या माणसानं नाव कधी बांधलेली नव्हती. मी घाबरून माईला म्हटलं, नाव तरू दे, तुला साडी नेसवीन.

उन्हाळाभर अंगणात ठोकाठोक चालली. सागाच्या फळ्या, आतून बाभळीचे आधार, फटींत कापूस आणि वरून डांबर. कापूस मी वळून द्यायचे आणि चूक दिसली की ह्यांना बोलूनही घ्यायचे, म्हणून मला 'मुकादम' नाव पडलं. नावेचे मी लेकीसारखे लाड केले. खडखडीत उन्हात वाळवली, पाण्याचा थेंब लागू दिला नाही. रोज कोरड्या फडक्यानं पुसायचे.

पोऱ्या सुटी घेऊन आला. गल्लीतल्या माणसांनी नाव खांद्यावरून नदीवर नेली, नारळ फोडला. पाण्यात लोटली आणि प्रत्येक सांध्यातून पाणी आत! ह्यांनी आणि पोऱ्यानं ती कशीबशी काठाला ओढली. मी नदीवरच रागावले. एवढंच तर मागितलं होतं, माई!

काठावर एक म्हातारी लुगडं पिळत होती. आमच्या गावची नव्हती. ती खदखदून हसली. "अरे भाऊ, नाव तहानेल शे! पेऊ द्या तिले पोटभर. दगड भरा नि बुडाई टाका."

तरावी म्हणून नवस केलेली नाव आपल्याच हातांनी बुडवायची! पण ह्यांनी एक दगड उचलला, मग मीही उचलला. नाव तळाला टेकली तेव्हा माझे हात आपोआप जुळले. म्हटलं, घे माई, तुझीच आहे.

काही दिवसांनी दगड काढले, पाणी उपसलं. वाळून आक्रसलेल्या फळ्या फुगून एकमेकींना घट्ट भिडल्या होत्या. आम्ही तिघं बसलो, तरी आत थेंब नाही! मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की काठावरच्या म्हशी उठल्या.

ती म्हातारी कोण, हे गावात कुणालाच सांगता आलं नाही. कुणी म्हणतं, माईच होती; मी वाद घालत नाही. माईला साडी नेसवताना त्या म्हातारीलाही हात जोडले. ज्या पाण्यावर हवाला ठेवायचा, त्याच पाण्यापासून मी नावेला जपत बसले होते, हे आठवलं की आजही हसू येतं. आता मागणं मागते, पण ते कसं पुरं करायचं ते माईला शिकवत नाही.

नाव तरली त्या दिवशी पोऱ्यानं नावेतूनच सूनबाईला फोन लावला. "आईबाप काही येत नहीत. सुटी पडनी का तूच पोरेस्ले संगे लई आठे गावले ये."