खारीवर मी पिवळा रंग फासला

तुमच्या गावाचा नकाशा शेवटचा कोणी काढला, आणि कोणत्या महिन्यात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मी एकदा माझ्या गावाचा काढला होता. लढाईच्या एका कॉम्प्युटर गेमसाठी. त्यात तळ बांधायचे, सैन्य उभारायचं, समोरच्याचे तळ पाडायचे. हवं तर स्वतःची मोहीमही रचता येते. मी पत्रकांच्या घरात वाढले. गावाच्या प्रश्नांवर बाबा पत्रकं लिहायचे, आई आणि मी ती वाटायचो. ही मोहीमसुद्धा मी एका उरलेल्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर आखली: खाडी, काठचा मातीचा बांध, भरती अडवणारी त्यातली झडप, म्हणजे उघाडी, आणि आत आमची खार, खाडीकाठची शेतजमीन. बांध राखला की जिंकलात.

खारीचा आकार उपग्रहाच्या फोटोवरून घेतला. फोटो वैशाखातला असावा. शेत पांढरं, भेगाळलेलं दिसत होतं. मी तिथे 'मोकळी जमीन' हा पिवळा रंग फासला.

चुलतभाऊ, आमचा दादा, खेळून बघायला बसला. शत्रूला कॉम्प्युटर चालवतो. हा शत्रू बांधाकडे फिरकलाच नाही. मागच्या रस्त्याने आला आणि थेट खारीत तळ ठोकला. दुसऱ्यांदाही तेच.

"आगो, तुझा शत्रू पुढारी हाय काय? बरोबर आपल्याच शेतात घुसतोय!" दादा हसला.

मी चूक शोधत बसले. शत्रूचं काही चुकत नव्हतं. मोकळी जागा दिसली की बांधकाम, एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

आई भात पाखडायचं सूप घेऊन मागे उभी होती. तिने पिवळ्यावर बोट ठेवलं. "हितं काय हाय?"

"काही नाही. मोकळं."

"काही न्हाय? मंग तू बारा महिने खातेस काय गो?"

मी शरमले. पिवळं पुसून भात रंगवलं आणि भातावर बांधकाम बंद, असा नियम घातला. त्यानंतर शत्रू खारीच्या कडेला येऊन थांबू लागला. पुढे यायचा नाही, परतायचाही नाही.

यंदा शिमग्यानंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला, कुठल्याशा प्रकल्पाचा. खाडी ओळखू आली, बांध ओळखू आला. खार पिवळी होती. बाजूच्या सूचीत पिवळ्यापुढे एकच शब्द: पडीक. खाली हरकतींची मुदत, महिनाअखेर. उघाडीजवळ मोजणीचे लाल डोक्याचे खुंट ठोकलेले आईने सकाळीच पाहिले होते.

तिने भिंतीवरच्या पिवळ्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळली.

"ह्यो पण तूच काढलास काय?"

ती थट्टा करत नव्हती.

गेममधला नियम मी मिनिटभरात बदलला होता. इथे रंगाचा डबा दुसऱ्याच्या हातात आहे. दिवाळीआधी काढलेला उभ्या भाताचा फोटो दादाच्या फोनमध्ये सापडला. तो जोडून मी हरकत दिली. आमच्या एका शेताच्या हरकतीने खार वाचणार नाही. बांध सगळ्यांचा एकच आहे.

म्हणून तुम्हीही पंचायतीत जा. नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधा. त्यावर पडीक लिहिलं असेल, तर पिकाचा फोटो लावून लेखी हरकत द्या. आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.