रक्त पातळ करायची गोळी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय – सरळ सांगता येतं का बघतो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा थोरला भाऊ, दादा, नांदेडच्या दवाखान्यातून सुटून माझ्या घरी आला. लोह्याहून वहिनी आल्या होत्या. ताप, साखर, ऑक्सिजन – सगळं मी मोजायचो. गोळ्याही मीच द्यायचो. घरात हिशेबाला पक्का माणूस मी. दुसरं कोण देणार?

त्यांत एक रक्त पातळ करायची होती. पातळ – तो शब्दच मला खटकला. दादा आधीच वाळलेला, पांढराफटक. त्यात एका सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं. मी म्हणालो, "अंगात रक्त न्हाई, अन् हे अजून पातळ करून राहिले!"

दादा हसला. "पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतेत, तसं?"

मी गोळी बंद केली. डॉक्टरांना एक फोन करायला काय झालं होतं? केला नाही. बीट आणि खजूर सुरू केले. वहिनींना सांगितलंही नाही.

काही दिवसांनी दादाची पिंढरी सुजली, ठणकू लागली. झोपून झोपून वात धरला असेल, म्हणून मी करडईचं कोमट तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी त्याला धाप लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

डॉक्टर म्हणाले, या आजारात फुफ्फुसच नाही, रक्तही बिघडतं – गोठतं. पायातली गुठळी फुफ्फुसात गेली असावी. मग विचारलं, "गोळी चालू होती ना?"

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणालो, "हो. रोज."

गोळीनं दादा वाचला असता का? ते गणित मला आजही सुटत नाही. पण खोटं बोललो, त्यात कसलं गणित?

तेव्हापासून वहिनी सगळा दोष स्वतःकडे घेतात. "डॉक्टर हिंडा म्हणले होते, भाऊजी. मीच निजवून ठेवलं. तुम्ही तर गोळी एक दिस चुकवली न्हाई." असं चारचौघांत म्हणतात – आणि मी ऐकून घेतो.

यंदाच्या श्राद्धाला त्या नातीला सांगत होत्या, "तुझ्या आजोबाला मीच मारलं गं." मी समोरच्याच पानावर होतो. मी भात कालवत राहिलो.

वहिनींनी काहीच केलं नव्हतं. गोळी मी बंद केली होती.