सहीची पेटी

आमच्या मुलुंडच्या घरात देवघराशेजारी एक चामड्याची पेटी असते. देवाजवळ चामडं कसं, हे विचारायचं नाही. झाकण उघडलं की आत हिरव्या कापडाचा उतरता पाट होतो, त्यावर कागद ठेवून लिहायचं. पणजोबा गोऱ्या साहेबाकडे कारकून. साहेबाने विलायतेला जाताना खूश होऊन ती त्यांना दिली, असं बाबा सांगतात. साहेब बोटीत बसल्यावर पणजोबांनी ती ढापली असणार, असं मी म्हणते. मग बाबा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलत नाहीत.

घरातली महत्त्वाची सही त्या पेटीवरच करायची, असा आमच्याकडे नियम. माझ्या लग्नाचा फॉर्म तिच्यावर, घटस्फोटाचा अर्जही तिच्यावरच. "दोष पेटीचा नाही, तुझा आहे," बाबा तेव्हा म्हणाले होते. मी माहेरी परत आले, पुढे आई गेली, आता घरात आम्ही दोघंच.

हल्ली बाबांचा हात थरथरतो. बँकेने पेन्शनचा फॉर्म परत पाठवला. सही जुळत नाही, येऊन अंगठा द्या. बाबा असे भडकले की विचारू नका. आपल्यात आजवर कुणी अंगठेबहाद्दर झाला नाही, म्हणे. पेटीवर करतो सही, बघू कशी जुळत नाही ती. झालं, ते धूड घेऊन आम्ही रिक्षाने बँकेत. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू.

बाबा खुर्चीत बसले, पेटी मांडीवर घेतली, पेन काढलं. सगळी बँक बघत होती. पहिलं अक्षर झकास आलं. पुढच्यांची पार वाट लागली.

"काका, परत करा ना, घाई नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

परत केली. आणखी वाईट आली. बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि स्वतःच शाईचा पॅड मागितला. मला रडू आलं. रडताना मी भयंकर दिसते, म्हणून पंख्याकडे बघत बसले. त्यांनी त्याच हिरव्या पाटावर कागद ठेवून अंगठा उठवला.

"अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात," मुलगी म्हणाली. "एक मी. दुसरं कोण?"

बाबांनी पेटी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"नीट कर," ते म्हणाले. "आता घरात सही करणारी तू एकटीच."