न पेटवलेल्या मेणबत्त्या

मंडळी, दुपारी छावणीतून आलोय, तिथलंच सांगतो.

दुष्काळामुळं माझी बहीण दोन गाई आणि पोरगी घेऊन विकास सोसायटीच्या चारा छावणीत राहते. आज भाचीचा, परीचा वाढदिवस. पाटोद्याहून केक नेला. मेणबत्त्यांना चमकीच्या कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सगळ्यात मोठीवर बहिणीनं लिहायला लावलं, ‘पुढचा वाढदिवस आपल्या घरी’.

मी काडेपेटी काढली तसा छावणीचा माणूस ओरडत आला, "ओ पाव्हणं, काडी ओढू नका! समदीकडं कडबा हाय."

चिडायला जागाच नव्हती, त्याचं बरोबर होतं. परीनं तशाच मेणबत्त्या फुंकल्या. शेजारच्या दावणीवरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

बहीण मेणबत्त्या पुसून पिशवीत ठेवायला लागली. "नव्याच हायत्या. चिठ्ठ्या बी राहू दे. पुढच्या वर्षी ह्याच लावू."

परीनं मोठी चिठ्ठी पुन्हा वाचली. "मम्मे, पुढच्या वर्षी बी हीच लावायची? म्हंजी तवा बी आपण हितंच?"

बहीण उठली आणि गाईंपुढं चारा टाकायला गेली. चारा आधीच टाकलेला होता.

परी माझ्याकडं बघत राहिली. तुम्ही तिचे मामा असता तर काय सांगितलं असतं?

मी म्हणालो, "केक खा."